फिर्याद आणि दावा
(कोलकात्यातील मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



महाराजा नंदकुमार यांना याच शहरात १७७५ च्या ५ ऑगस्टला फाशी दिली गेली. तेव्हाचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जने सूड उगवला की नाही, यावर इतिहासकारांचे वाद अडीचशे वर्षे चालू आहेत. ते त्यांना लखलाभ. वकिलाची नजर त्या प्रकरणात वेगळ्याच जागी अडकते. बुलाकीदास नावाचा एक सावकार वारला. त्याच्या इस्टेटीकडून नंदकुमारांनी दागिन्यांच्या किमतीचा एक रोखा दाखवून पैसे वसूल केले. रोखा बनावट आहे, असे बुलाकीदासाचा कारभार पाहणाऱ्यांचे म्हणणे होते. म्हणजे मुळात हे पैशाचे भांडण. ते आधी दिवाणी अदालतीत गेले होते आणि तिथे रेंगाळत पडले होते. १७७५ च्या मार्चमध्ये नंदकुमारांनी हेस्टिंग्जवर लाचखोरीचा आरोप केला. मे महिन्यात तोच जुना रोखा नव्या सुप्रीम कोर्टात बनावट दस्तऐवजाचा गुन्हा म्हणून अवतरला. मुख्य न्यायाधीश होते एलायजा इम्पी. इंग्लंडात अशा गुन्ह्याला फाशी होती, म्हणून इथेही फाशी. जूनमध्ये खटला, ऑगस्टमध्ये दोर. दिवाणीत जे काही वर्षांत सुटले नाही, ते फौजदारीत तीन महिन्यांत निकालात निघाले.

आज माझ्यासारख्या वकिलाच्या टेबलासमोर बसणारा पक्षकार हेच वेगळ्या शब्दांत सांगतो. ‘साहेब, दावाबिवा नको. एकदा पोलिसांनी बोलावलं की लगेच पैसे काढतो तो.’ हे वाक्य मी मराठीत ऐकले आहे, बंगालीत ऐकले आहे, मारवाडी उच्चारांच्या हिंदीतही ऐकले आहे. आज बोलायचे आहे ते या वाक्यामागच्या हिशेबाबद्दल. एकाच कृत्यातून गुन्हा आणि नुकसानभरपाईचे देणे असे दोन्ही कसे निघते, आणि रोजच्या तंट्यात आपण त्यातला चुकीचा दरवाजा का ठोठावतो?

एखाद्याने रागाच्या भरात शेजाऱ्याच्या कानाखाली आवाज काढला, असे समजा. सरकारच्या दृष्टीने ही इजा पोहोचवण्याची कृती आहे. पूर्वी दंड संहितेचे ३२३ कलम लागत असे, आता भारतीय न्याय संहितेचे ११५ लागते. शेजाऱ्याच्या दृष्टीने तो त्याच्या अंगावरचा हल्ला आहे, आणि त्याबद्दल तो दिवाणी न्यायालयात भरपाई मागू शकतो. यालाच अपकृत्याचा कायदा म्हणतात. वकील मंडळी टॉर्ट म्हणतात. पहिल्या प्रकरणात एका बाजूला राज्य असते, शेजारी निव्वळ साक्षीदार. दुसऱ्यात शेजारी स्वतः वादी. पहिल्यात आरोप निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. दुसऱ्यात कोणाचे म्हणणे अधिक संभवनीय, एवढे पुरते. पहिल्यात शिक्षा होते, दुसऱ्यात पैसे मिळतात. हे सगळे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. मला यात गंमत वाटते ती वेगळीच. ही थप्पड फौजदारी कायद्यानेच तडजोडीस पात्र ठरवली आहे. मार खाणाऱ्याने माफ केले तर खटला संपतो. साधी इजा, बदनामी, घुसखोरी हे सगळे त्या यादीत येते. म्हणजे कायदाच कबूल करतो की हे गुन्हे अर्धेअधिक खासगी आहेत. वर कागदावर राज्याचे नाव, पण माफीचा अधिकार ज्याचा त्याच्याकडे.

ही थप्पड घेऊन कोलकात्याच्या ठाण्यात गेलात तर जीडी होते, जनरल डायरीत नोंद. मुंबई-पुण्यात हीच गोष्ट एनसी म्हणून ओळखली जाते. गुन्हा अदखलपात्र, दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. पक्षकार मात्र जीडीचा नंबर खिशात घालून जिंकल्यासारखा घरी जातो. त्या नंबराने समोरच्याचे काहीही बिघडत नाही.

किरकोळ बाब किती किरकोळ असू शकते, याचे माझे आवडते उदाहरण मुंबईचे आहे. वीदा मेनेझिस विरुद्ध युसूफ खान, सर्वोच्च न्यायालय, १९६६. घरमालक-भाडेकरूचे भांडण, शिवीगाळ, आणि त्या रागात एकाने भिरकावलेली कागदांची फाइल. ती लागली दुसऱ्याच व्यक्तीच्या कोपराला, आणि ओरखडा उठला. हा ओरखडा दंडाधिकारी, हायकोर्ट असे करत सर्वोच्च न्यायालयापर्यंत चढला. न्यायालयाने दंड संहितेचे ९५ कलम लावले. सर्वसामान्य समजूतदारीचा माणूस ज्याची तक्रार करणार नाही इतकी क्षुल्लक इजा म्हणजे गुन्हा नव्हे, हे ते कलम. मौज अशी की अपकृत्याच्या कायद्यात परिस्थिती उलटी आहे. तिथे अंगाला अनधिकृत स्पर्श झाला एवढेच पुरते, नुकसान सिद्ध करावे लागत नाही. निदान नाममात्र भरपाई तरी मिळू शकते. गुन्ह्याच्या चाळणीतून जे गळून जाते, त्यातले बरेच काही दिवाणीत अडकून राहते. एवढे लक्षात आले तर निम्मी भांडणे योग्य जागी जातील.

आता तुमच्यापैकी अनेकांना जवळचा विषय. विटा, खानापूर, आटपाडीकडची आपली गलाईवाली मंडळी सोने गाळायला देशभर पसरली, तशी या शहरातही आली. सराफ जुने दागिने, करवतीचा कीस, कारखान्याची झाडलोट आणून देतो. गलाईवाला ते मुशीत वितळवतो, तेजाबात उकळतो, चुरा धुऊन पुन्हा आटवतो आणि शुद्ध सोन्याची लगड हातात ठेवतो. वजन कमी भरले की सराफाच्या तोंडी पहिला शब्द येतो चोरी, दुसरा येतो ठाणे. इथे जरा थांबू या, कारण सगळा विषय या मुशीत आहे.

समजा टंच काढण्यातच फरक पडला. सराफाने धरला होता तेवढा सोन्याचा अंश मालात नव्हताच. मग गुन्हा नाही, देणेही नाही, वाद हिशेबाचा. समजा भांडे गळके होते आणि काही सोने मोरीत गेले. गलाईवाल्याचा हेतू वाईट नव्हता, काळजी मात्र कमी पडली. सामान्य समजूतदारीचा माणूस आपला माल जितका जपेल तितका दुसऱ्याचा ठेवलेला माल जपावा, हे करार कायद्याचे १५१ कलम सांगते, आणि हलगर्जीपणाबद्दल भरपाई द्यावी लागते. तुरुंग मात्र नाही. आता तिसरी शक्यता घ्या. एका सराफाची लगड चुकून दुसऱ्याला दिली आणि दुसऱ्याने ती विकली. गलाईवाल्याची नियत साफ, चूक प्रामाणिक. तरी दुसऱ्याचा माल परस्पर हातावेगळा केला म्हणून तो पहिल्याला पूर्ण किंमत देणे लागतो. अपकृत्याचा कायदा नियत विचारत नाही. आणि चौथी शक्यता अशी की, त्याने काही ग्रॅम मुद्दाम बाजूला काढले. हा अपहार, जुने ४०६ कलम, नव्या संहितेत ३१६. अप्रामाणिक हेतू सिद्ध झाला तरच.

चारही प्रसंगांत काट्यावर दिसते ते एकच: वजन कमी. काय झाले, हे मनात डोकावून ठरवायचे आहे. फौजदारी न्यायालय हे डोकावणे निःसंशय पुराव्याने करते आणि हेतू सापडला नाही तर आरोपीला सोडून देते. सराफ मग म्हणतो, ‘कोर्टाने चोर सोडला.’ कोर्टाने काहीच सोडलेले नसते. पहिल्याच दिवशी फक्त अपहाराची फिर्याद देऊन त्याने ज्या प्रश्नाचे उत्तर सिद्ध करणे सर्वांत कठीण होते तोच कोर्टाला विचारलेला असतो. गलाई व्यवसायातल्या जुन्या लोकांना हे पुस्तक न वाचता कळते. ते आधी दोन्ही बाजूंची नावाजलेली माणसे बसवतात, घट किती मान्य ते ठरवतात, आणि उरलेल्या सोन्याची किंमत त्या दिवशीच्या भावाने चुकती करतात. हा झाला अपकृत्याचा कायदा, फक्त टेबलाशिवाय.

मग माणसे ठाण्यात का जातात? याचे उत्तर थोडे इतिहासात आहे आणि बरेचसे खर्चात.

इतिहास याच शहराचा. मेकॉलेने दंड संहितेचा मसुदा १८३७ मध्ये इथेच पुरा केला. तो जवळजवळ दोन तपे फडताळात पडला. बार्न्स पीकॉक यांनी त्यावर हात फिरवला, १८६० मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली तोवर तो चालला. बहुतेकांना त्यातली दोन-चार कलमे तोंडपाठ असतात. सिनेमाने ३०२ आणि ४२० यांना नायकांइतकी प्रसिद्धी दिली. अपकृत्यांच्या कायद्याचा मसुदाही झाला होता. भारत सरकारसाठी तो सर फ्रेडरिक पोलॉक यांनी १८८६ च्या सुमारास तयार केला. तो कधीच मंजूर झाला नाही. पोलॉक यांच्या अपकृत्यांवरील ग्रंथाच्या शेवटी परिशिष्ट म्हणून छापला गेला. पुढे १८९४ मध्ये पोलॉक कलकत्ता विद्यापीठाची टागोर विधी व्याख्याने द्यायला निवडले गेले, पण त्यांचा मसुदा परिशिष्टातच राहिला. म्हणून आज गुन्ह्याला कलम आहे आणि अपकृत्याला कलम नाही, निवाडे आहेत. माणसाला कलमाचा आधार वाटतो. ‘कोणतं कलम लागतं?’ हा प्रश्न पक्षकार विचारतोच. अपकृत्याबद्दल उत्तर द्यायचे तर निवाड्यांची मालिका सांगावी लागते, आणि तोवर तो उठून गेलेला असतो.

पीकॉक यांनी न्यायाधीश म्हणून दिलेला एक निवाडा सांगतो, कारण त्यात एक घोडा आहे. १८५९ च्या ऑगस्टमध्ये खिदिरपूरच्या सरकारी गोदीतून पी अँड ओ जहाज कंपनीची घोडागाडी चालली होती. सरकारी मजूर जहाजाच्या धुराड्याच्या आवरणाचा अवजड लोखंडी तुकडा रस्त्यातून नेत होते. गाडीवानाने हाक दिली, मजूर गडबडले, लोखंड दणकन खाली पडले. आवाजाने घोडा बिचकला आणि लोखंडावर धडकून जखमी झाला. कंपनीने भरपाई मागितली ३५० रुपयांची. लहानसा दावा, पण प्रश्न मोठा होता: सरकारी माणसांच्या हलगर्जीपणाबद्दल सरकार भरपाई देणे लागते का? १८६१ मध्ये पीकॉक यांनी उत्तर दिले की अशा व्यवहारी कामात लागते. सरकारवर अपकृत्याची जबाबदारी टाकण्याच्या भारतीय कायद्याचा पाया हा घोडा आहे. आपल्या लोकांना सांगण्यासारखी गोष्ट अशी की कलकत्त्याचा हा निवाडा वकील शोधतात तो बॉम्बे हायकोर्ट रिपोर्ट्सच्या पाचव्या खंडाच्या परिशिष्टात. घोडा खिदिरपूरचा, छापला मुंबईने.

त्या मजुरांना कोणी तुरुंगात टाकले नाही. इथे दोन रस्त्यांमधला असा फरक दिसतो की जो खर्चाच्या बाजूने सर्वांत मोलाचा आहे. गुन्हा ज्याने केला त्याच्यापाशीच थांबतो. अपकृत्य मालकापर्यंत, कंपनीपर्यंत, विम्यापर्यंत, सरकारपर्यंत जाते. मिनीबसने माणूस उडवला तर शिक्षा चालकाला. भरपाई मात्र बसच्या मालकाकडून आणि विमा कंपनीकडून. चालकाला तुरुंगात घालून मेलेल्याच्या बायकोच्या घरात तांदूळ येत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात पुरावा तोलण्याची पट्टीही हलकी आहे, आणि चालक फौजदारीत सुटला म्हणून दावा बुडत नाही. एवढे मात्र खरे की त्या दाव्याचा कणा बहुतेक वेळा पोलिसांचाच कागद असतो: प्रथम खबर, जागेचा पंचनामा, दोषारोपपत्र. म्हणून अपघातात ठाण्यात जाणे गैर नाही, आवश्यक आहे. चूक होते ती तिथेच थांबण्यात.

आता खर्च. दिवाणी भरपाईच्या दाव्याला मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी लागते. फिर्यादीला ती लागत नाही. दाव्यात आपला वकील, आपले साक्षीदार, आपला वेळ. फिर्यादीत सरकारी वकील आणि सरकारी तपास. दिवाणीतली तारीख पुढची तारीख जन्माला घालते. समोरच्याला अटकेची भीती दाखवता येते ती फक्त फौजदारीत. हा हिशेब प्रत्येक दुकानदाराला कळतो. २००६ मध्ये इंडियन ऑइल विरुद्ध एनईपीसी इंडिया या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने व्यापारी वादांना फौजदारी रंग देण्याच्या या वाढत्या प्रवृत्तीवर बोट ठेवले, आणि दिवाणी उपाय वेळखाऊ आहेत ही समजूत तिच्यामागे आहे हेही नोंदवले. २०२५ च्या एप्रिलमध्ये तत्कालीन सरन्यायाधीश संजीव खन्ना यांच्या पीठाने उत्तर प्रदेश पोलिसांना हेच कडक शब्दांत सुनावले. मधल्या जवळपास वीस वर्षांत दिवाणी न्यायालये झपाट्याने चालू लागली असती तर ते सुनवावे लागलेच नसते. मी न्यायालयांचा चाकर आहे, तरी हे म्हणतो. लोकांना दोष देण्याआधी तारखांकडे पाहावे.

संसदेने तर एका बाबतीत हार मानली. न वटलेल्या धनादेशाचे १३८ कलम १९८९ च्या १ एप्रिलपासून आले. पैशाचे देणे बुडवणे हा शुद्ध दिवाणी मामला. त्याला कैद (आता दोन वर्षांपर्यंत) आणि धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड यांचे कपडे चढवले गेले. परिणाम काय झाला? दंडाधिकाऱ्यांची कोर्टे धनादेशांनी भरून गेली आणि आता त्या खटल्यांच्या तारखाही दिवाणीसारख्याच पडतात. वसुलीसाठी उसनी घेतलेली फौजदारी वसुलीइतकीच मंद झाली.

आता ज्या प्रकरणासाठी मी हा विषय निवडला, त्याकडे येतो. हे प्रकरण कोलकात्यात सुरू होते, मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शोकाने थांबते आणि दिल्लीत पंधरा वर्षांनी संपते. अनुराधा साहा या बालमानसशास्त्रज्ञ, पती डॉ. कुणाल साहा यांच्यासह अमेरिकेत राहणाऱ्या. १९९८ च्या उन्हाळ्यात त्या सुटीसाठी कोलकात्याला आल्या. अंगावर पुरळ उठले. ७ मेला शहरातल्या एका नामवंत डॉक्टरांनी डेपो-मेड्रॉल हे दीर्घकाळ टिकणारे स्टेरॉइड लिहून दिले: ८० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, तीन दिवस. ११ मेला अनुराधा ढाकुरियाच्या आमरी रुग्णालयात दाखल झाल्या. निदान झाले टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिसचे. या विकारात कातडी भाजल्यासारखी सोलून निघते. १७ मेला त्यांना मुंबईला ब्रीच कँडीत हलवले. २८ मेला त्यांचे निधन झाले.

कुटुंबाने दोन्ही दरवाजे ठोठावले. १९९८ मध्येच अलीपूरच्या न्यायालयात हलगर्जीपणाने मृत्यू घडवल्याची, म्हणजे ३०४-अ कलमाची फिर्याद. १९९९ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे ७७ कोटींहून अधिक भरपाईची मागणी. पुढे जे घडले ते दोन्ही मार्गांचे वेगळेपण इतके स्वच्छ दाखवते की मी विद्यार्थ्यांना दुसरे उदाहरण सहसा देत नाही. अलीपूरच्या दंडाधिकाऱ्यांनी २००२ मध्ये दोन डॉक्टरांना तीन महिने साधी कैद आणि दंड सुनावला, तिसऱ्याला सोडले. कलकत्ता हायकोर्टाने २००४ मध्ये त्या दोघांनाही निर्दोष सोडले. ग्राहक आयोगाने २००६ मध्ये तक्रारच फेटाळली. म्हणजे आठ वर्षांनंतर कुटुंबाच्या हातात दोन्हीकडून शून्य.

७ ऑगस्ट २००९ ला मलय कुमार गांगुली विरुद्ध सुकुमार मुखर्जी या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी आणि दिवाणी दोन्ही अपिलांचा एकत्र निकाल दिला. फौजदारीत सुटका कायम. दिवाणीत मात्र हलगर्जीपणा झाला, असा स्पष्ट निष्कर्ष. तेच औषध, त्याच मात्रा, तेच रुग्णालय, तेच कागद. एकाच पुराव्यावर एकाच दिवशी एकाच पीठाने दोन उत्तरे दिली, आणि दोन्ही कायद्याप्रमाणे बरोबर होती. गुन्ह्याच्या दृष्टीने लागणारी काळजी आणि अपकृत्याच्या दृष्टीने लागणारी काळजी यांची मापे वेगळी आहेत, हे न्यायालयाने ठसवले. २००५ च्या जेकब मॅथ्यू निवाड्याने डॉक्टरांच्या बाबतीत गुन्ह्यासाठी हयगय ढोबळ, घोर असावी लागते असे आधीच म्हटले होते.

माझ्या मते मुद्दा मापापुरता नाही. दोष अनेकांच्या हातांत विभागलेला होता: एकाने जास्त मात्रा दिली, दुसऱ्याने तपासले नाही, तिसऱ्याने लक्ष ठेवले नाही, रुग्णालयात योग्य सोय नव्हती. गुन्हा ठरवताना प्रत्येक आरोपीचा वाटा वेगळा तोलावा लागतो आणि प्रत्येक वाटा एकटा हलका भरतो. अपकृत्यात बेरीज करता येते. आजचे मृत्यू बहुधा असेच होतात, रुग्णालयात असोत की कोसळलेल्या बांधकामात. एक खलनायक शोधणारा कायदा तिथे रिकाम्या हाताने परततो.

२००९ नंतर प्रकरण भरपाई मोजायला आयोगाकडे परत गेले. २०११ मध्ये आयोगाने पावणेदोन कोटींच्या आसपास रक्कम ठरवली. २४ ऑक्टोबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती ६ कोटी ८ लाखांवर नेली, शिवाय ६ टक्के व्याज. दोघा डॉक्टरांनी प्रत्येकी १० लाख द्यायचे आणि एकाने ५ लाख, उरलेले सगळे रुग्णालयाने. वैद्यकीय हलगर्जीपणाबद्दल भारतात तोवर एवढी भरपाई कुणाला मिळाली नव्हती. ज्यांना एक दिवसही तुरुंगात जावे लागले नाही, त्यांच्या चुकीची किंमत न्यायालयाने रुपयांत लावली. काही श्रोत्यांना हे अपुरे वाटेल. मला नाही वाटत. रुग्णालयांना कायदा कळतो तो ताळेबंदातून, आणि मोठ्या रुग्णालयाच्या संचालकांना तीन महिन्यांच्या साध्या कैदेपेक्षा सहा कोटी अधिक लक्षात राहतात. नवी न्याय संहिता हलगर्जीपणाने मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा सांगते आणि डॉक्टरांना दोन वर्षांची मर्यादा देते. या कलमावर दोन्ही बाजूंनी बरीच भाषणे झाली. भरपाईच्या कायद्यावर कुणी भाषण करत नाही.

फौजदारी न्यायालयालाही पैसे देववता येतात, हे पक्षकारच नव्हे, बरेच वकीलही विसरतात. फौजदारी प्रक्रिया संहितेचे जुने ३५७ कलम, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३९५. २०१३ च्या मे महिन्यात अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भरपाई द्यायची की नाही, याचा विचार प्रत्येक फौजदारी न्यायालयाने करायलाच हवा आणि कारणे नोंदवायला हवीत. ते प्रकरण कशावरून उद्भवले? शेतातला कुत्रा वाटसरूंवर भुंकला. एकाने कुत्र्याला लोखंडी पाइप मारला. राखणदाराने हटकले, आणि तोच पाइप राखणदाराच्या डोक्यात बसला. माणूस गेला. अशी प्रकरणे आपल्या जिल्ह्यांतून रोज येतात. निकालपत्राच्या शेवटी ‘भरपाई’ या शब्दाखाली काही लिहिलेले क्वचित दिसते.

उलटा धोकाही सांगायला हवा. पैसे काढण्यासाठी खोटी फिर्याद दिली, समोरचा निर्दोष सुटला, फिर्यादीला वाजवी आधार नव्हता आणि हेतू द्वेषाचा होता, तर आता तो तुमच्यावर दावा करू शकतो. द्वेषमूलक खटल्याबद्दल भरपाई हे जुने आणि जिवंत अपकृत्य आहे. ठाण्याचा रस्ता धरून निघालेला माणूस फिरून दिवाणीतच येतो, फक्त प्रतिवादी म्हणून. बदनामीत तर फरक आणखी टोकदार आहे. दिवाणी दाव्यात ‘मी बोललो ते खरे होते’ एवढा बचाव पुरतो. फौजदारीत खरे असून भागत नाही, ते सार्वजनिक हिताचे होते हेही दाखवावे लागते. खरे बोलून गुन्हेगार ठरण्याची सोय आपल्या कायद्यात अजून आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घटनासंमत ठरवली. मला तो निवाडा पटलेला नाही.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. फौजदारी खटला चालू आहे म्हणून दिवाणी मुदत थांबत नाही. लोक वर्षानुवर्षे फौजदारी निकालाची वाट पाहतात, आरोपी सुटतो, मग भरपाईसाठी वकिलाकडे येतात, आणि वकिलाला त्यांना परत पाठवावे लागते. साहा कुटुंबाने ही चूक केली नाही. फिर्यादीच्या मागोमाग चार महिन्यांत त्यांनी आयोगाकडे तक्रार नेली, म्हणून फौजदारीत हरूनही ते उभे राहिले. मुदती अशा: बदनामीच्या दाव्याला एक वर्ष. द्वेषमूलक खटल्याच्या दाव्याला सुटकेपासून एक वर्ष. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षे. जिथे वेगळी मुदत दिलेली नाही अशा भरपाईच्या दाव्याला तीन वर्षे. ठाण्यातून बाहेर पडलात की त्याच आठवड्यात दिवाणी वकिलाला भेटा आणि आपली मुदत कधी संपते ती तारीख त्याच्याकडून लिहून घ्या.